मागचं डावं

नेल्सनमधली आमची गल्ली चढाची,
म्हणून पहिले आठ दिवस मी गल्लीलाच दोष दिला.
रात्री गाडी धडधाकट उभी,
सकाळी सहाला बघावं तर
डबक्यात म्हैस बसावी तशी फतकल मारून.
चावी फिरवली की कॉम्प्रेसर कण्हतो,
एक मिनिट, दीड मिनिट,
आधी मागची बाजू उठते, मग पुढची,
पंगतीतून म्हातारं माणूस उठतं तशी, हात टेकून.

मला सातला पहिलं घर गाठायचं असतं,
पेंडलच्या पलीकडे, मिसेस व्हिटॅकरचं इन्सुलिन.
गॅरेजवाल्याने पिवळ्या दिव्याकडे बघितलं
आणि एअर बॅग बदलली. दोनशे ऐंशी पौंड.
दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा खाली,
आता नव्या बॅगवर.

समोरचा सीरिल हार्टली दारातूनच ओरडला.
तो ओरडूनच बोलतो;
चाळीस वर्षं मागांचा मिस्त्री होता,
कान शेडमध्येच ठेवून आला.
"फ्यूज काढून ठेव रात्री!
नाहीतर ती झोपेत उठते, स्वतःला सपाट करते.
एक कोपरा खचला की बाकीचे तिघे
आपली हवा सोडून त्याच्या पातळीला येतात.
सकाळी सगळेच खाली.
मग चोर कोण, कसं कळणार?"

मला आमच्या घरातली चार माणसं आठवली.
ते असो.

मी इचलकरंजीची.
वडिलांचे आठ माग होते पत्र्याखाली,
सातवा थांबला की मला झोपेतही जाग यायची.
हे सीरिलला सांगितलं, दोनदा, मोठ्याने.
त्याने विचारलं, माग कुठल्या कंपनीचे?
पाटीवर काहीतरी कोरलेलं होतं,
तेलाने भरलेली अक्षरं.
नाही आठवलं.

फ्यूज काढला. टेप सापडेना,
म्हणून चाकाच्या मध्यापासून वर, कमानीपर्यंत
वीत लावली. चारही चाकं दोन वीत चार बोटं.
औषधांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.
सकाळी तीन तशीच.
मागचं डावं, दीड वीत.

सीरिलने ठोकळे लावायला लावले, मगच खाली जाऊ दिलं.
त्याचे गुडघे वाकत नाहीत,
तो खुर्चीवर बसून सूचना देणार,
मी पाठीखाली पुठ्ठा घालून, हातात भांड्यांच्या साबणाचं पाणी.
बॅगेला मारलं. काही नाही.
नळीला मारलं, जोडापर्यंत. काही नाही.
व्हॉल्व्हच्या डब्याला मारलं
आणि नळी जिथे आत शिरते तिथे
मोहरीएवढा बुडबुडा आला,
वाटाण्याएवढा झाला,
फुटला.
पुन्हा मोहरी.

"काय ऐकू येतं?" वरून आरोळी.
मी कान लावला.
तव्यावर फुगलेली भाकरी
एका कडेने वाफ सोडते,
तेवढंच.

आत रबराची रिंग निघाली,
जोडव्याहून बारीक, एका बाजूने चपटी.
नवीन चाळीस पेन्सला मिळाली.
सीरिलने जुनी खिशात टाकली, का ते विचारलं नाही.

आज काचेवर बर्फ होता आणि गाडी उभी.
खिडकीतून सीरिल बोटं वर करून विचारत होता, किती?
मी हातानेच सांगितलं.
शेडमध्ये ते असेच बोलायचे म्हणे,
ओठांनी, हातांनी, आवाजाच्या खालून.

मिसेस व्हिटॅकर म्हणाल्या, लवकर आलीस.
मी त्यांच्या पोटाची चिमूट धरली, सुई टोचली,
दहापर्यंत मोजलं.

परत येऊन सहज वीत लावली चौघांना.
पुढचं उजवं एक बोट कमी भरलं.
थंडीने असेल.
लिहून ठेवलंय.